टीप आधी द्यायची

मी पुणं सोडलं त्या दुपारी सहकारनगरच्या आमच्या इमारतीखाली सुमो उभी होती आणि बाबा माझ्याशी बोलायचं सोडून ड्रायव्हरशी बोलत होते. आई माझ्या बॅगांना बांधलेली लाल लोकर पुन्हापुन्हा ओढून बघत होती. तिकडे पट्ट्यावर सगळ्यांच्या बॅगा फिरायला लागल्या की मला माझ्या ओळखू याव्यात म्हणून ती बांधलेली. बाबांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेली नोट काढली आणि ड्रायव्हरच्या हातात ठेवली. तो म्हणाला, "काका, भाडं पोचल्यावर द्यायचंय."

"भाडं पोचल्यावरच मिळेल," बाबा म्हणाले. "हे वेगळं. मुलगा आहे माझा. घाटात सावकाश घ्या."

गाडीत माझ्याच कंपनीतले दोघे आधीच बसले होते. सन दोन हजार उजाडलं की जगातले कॉम्प्युटर बंद पडतील, या भीतीमुळे तेव्हा अमेरिकेला आमच्यासारख्या पोरांची अचानक गरज पडली होती. त्या दोघांतला एक जण खिडकीबाहेर बघून हसला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पासपोर्ट खिशात असलेल्या इंजिनिअरला बाप शाळेच्या सहलीला पाठवावं तसं पाठवत होता. इतरांच्या घरचे विमानतळापर्यंत जायचे. बाबा आले नाहीत. "मी येऊन काय करू? विमानाला धक्का मारायचाय का?" असं त्यांनी आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं.

गाडी निघाली तेव्हा मी मागे वळून हात हलवला. आईनेही हलवला. बाबा मात्र कोपरा येईपर्यंत ड्रायव्हरकडेच बघत राहिले. या एका गोष्टीचा राग मी कितीतरी वर्षं सांभाळला.

त्यांची ही सवय जुनी होती. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. दिवाळीला पोस्टमन आणि झाडूवाल्या मावशी पोस्त मागायला यायच्या, ती ते देतच, पण त्यांचं खरं देणं वेगळं असायचं, आणि ते नेहमी आधी असायचं. मी मामाकडे एकटा एसटीने निघालो तर कंडक्टरच्या हातात चिक्कीचा पुडा. आईचं ऑपरेशन होतं तेव्हा वॉर्डातल्या आयाबाईंना दाखल झाल्याझाल्याच साडीचोळीचे पैसे. त्या बाई बिचाऱ्या गोंधळल्या. बरं होऊन घरी जाताना लोक देतात, हे कुठलं उलटं, असं त्यांनी विचारलंसुद्धा. मी एकदा चिडून म्हटलं होतं की ही लाच आहे. बाबा शांतपणे म्हणाले, "हे सांगणं आहे. नुसतं तोंडाने सांगितलं की माणूस विसरतो."

अमेरिकेत आल्यावर टीप हा विषय मी अभ्यासाला घेतल्यासारखा शिकलो. कुठे किती टक्के द्यायचे, कुठे काहीच द्यायचं नाही, केस कापणाऱ्याला किती, सामान उचलणाऱ्याला किती. आपल्याकडून कमी पडलं तर लोक काय म्हणतील, ही धास्ती. जास्त पडलं तर रुपयात किती झाले, हा हिशेब. हळूहळू हिशेब सुटला आणि सवय राहिली. सवयीचं एक बरं असतं, देताना समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

आईबाबा दुसऱ्यांदा आले तेव्हा मी त्यांना क्रूझवर न्यायचं ठरवलं. न्यू जर्सीच्याच बंदरातून सुटायचं, बर्म्युडाला जाऊन परत यायचं. मुलीची परीक्षा होती म्हणून बायको तिच्यापाशी थांबली आणि आम्ही तिघंच निघालो. आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मी विचारलं होतं, बोटीवर टीप किती द्यायची? त्यावर जी चर्चा झाली तेवढी कुणाच्या आजारपणावर झाली नसेल. बोटीवाले माणशी दररोजची टीप, त्यांच्या भाषेत ग्रॅच्युइटी, खात्यातूनच कापून घेतात. कुणी म्हणालं, काउंटरवर जाऊन ती काढून टाकता येते. कुणी म्हणालं, असलं करू नका, त्या लोकांचं पोट त्याच्यावर आहे. कुणी म्हणालं, ती ठेवाच, शिवाय शेवटच्या दिवशी खोली आवरणाऱ्याला आणि जेवण वाढणाऱ्याला पाकिटात वेगळं द्या. मी तिकिटांबरोबरच तिघांची टीप भरून टाकली. विषय संपला.

बाबांना बोट मनापासून आवडली. डेकवर पहिल्यांदा आले, चहूकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढं पाणी, आणि आमच्याकडे एक दिवसाआड." आयुष्यभर खडकवासल्याच्या पाण्याच्या नोंदी ठेवलेला माणूस.

आमच्या दोन्ही केबिन शेजारी होत्या आणि दोन्ही एकच मुलगा बघायचा. वायान त्याचं नाव, बालीचा. बाबांनी तासाभरात त्याचं गाव, मुलं आणि भातशेतीला पाणी कुठून येतं, एवढं सगळं आपल्या सरकारी इंग्रजीत विचारून घेतलं. पाटाचं पाणी म्हटल्यावर तर ते खूश झाले. मग मी माझ्या केबिनमधून बाहेर येतो तो बाबा कॉरिडॉरमध्ये उभे, आणि खिशातून घडी घातलेली नोट काढून त्याच्या हातात ठेवतायत.

तो गेल्यावर मी त्यांना आत नेलं आणि समजावलं. आवाज चढला नव्हता, पण लहान मुलाशी बोलावं तसा मी बोललो, हे मला आजही ऐकू येतं. सगळ्यांची ग्रॅच्युइटी मी आधीच भरलीय, म्हटलं.

"ग्रॅच्युइटी रिटायर झाल्यावर मिळते," बाबा म्हणाले. "हा तर अजून तिशीतला दिसतोय."

"बाबा, आणि वेगळं द्यायचंच असेल तर शेवटच्या दिवशी देतात. काम बघून."

"काम बघून द्यायला मी काय ऑडिटर आहे? आणि शेवटी दिल्यावर त्याला काय कळणार, काय करायचं होतं ते?"

आई म्हणाली, "अहो, त्याला इथलं कळतं. तुम्ही कशाला मध्ये पडता?" मी म्हटलं, तुम्हाला काय हवं-नको ते मला सांगा, मी सांगेन त्याला. मला वाटलं, जास्तीची उशी हवी असेल, नाहीतर बिनसाखरेचा चहा.

त्या दिवसांत मला झोप नव्हती. कारण कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही अर्धंच. आमच्या ऑफिसातलं काम पुण्याजवळ हिंजवडीला चाललं होतं. एकेक टेबल रिकामं होत होतं आणि साहेबांनी मला विचारलं होतं, तुझं काम तिकडे जातंय, तूही जाशील का? घरापासून तासाभरावर, आईच्या हातचं जेवून ऑफिसला जाता येईल अशी नोकरी समोर आली होती, आणि मला नाही म्हणायचं होतं. मुलीची शाळा, घराचे हप्ते, ही कारणं खरी होती. पण तिथे राहायची माझी सवयही मोडली होती, हेही खरं होतं. आईला यातलं काही सांगितलं असतं तर ती डेकवर बसल्याबसल्या आमच्या खोलीतलं कपाट रिकामं करायला लागली असती. मग तिला नाही म्हणून सांगावं लागलं असतं. म्हणून मी गप्प राहिलो, जेवताना हसलो, आणि उरलेला वेळ लॅपटॉप उघडून बसलो.

दुसऱ्या संध्याकाळपासून माझ्या केबिनमध्ये बशी झाकलेला गरम दुधाचा कप यायला लागला. सकाळी उशिरा उठलो तर दाराला बाहेरून 'त्रास देऊ नका' अशी पाटी अडकवलेली. मी ती लावली नव्हती. लॅपटॉपपाशी फार वेळ बसलेला दिसलो की वायान डोकावायचा आणि सांगायचा, वर वारा छान आहे, तुमचे आईवडील तिथेच आहेत. मला वाटलं, भरलेल्या पैशांत हेही येत असेल. चांगली सर्व्हिस आहे, म्हणून मी ग्रुपवर कळवलंसुद्धा.

उतरायच्या दिवशी सकाळी मी पाकीट घेऊन वायानला गाठलं. त्याने ते घेतलं, आभार मानले, आणि म्हणाला की तुमच्या वडिलांनी पहिल्या दिवशीच दिलं होतं. मी म्हटलं, ते त्यांच्या खोलीचं. त्याने मान हलवली. नाही सर, म्हणाला, ते तुमच्यासाठी होतं. बाबांनी त्याला सांगितलं होतं: शेजारच्या खोलीत माझा मुलगा आहे. त्याला झोप नाही. विचारलं तर सांगणार नाही. जरा लक्ष ठेवा.

मी आईबाबांना फिरवायला नेलं होतं. निदान माझा तसा समज होता.

बाबांना मी त्याबद्दल काही विचारलं नाही. तेही बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी ते पुण्याला परतले आणि त्यानंतर मी साहेबांना नाही म्हणून कळवलं. तिकडच्या माझ्या टेबलावर अकोल्याकडचा एक मुलगा बसला. माझ्याकडून काम समजून घेताना फोनवर एकदा म्हणाला, घर फार लांब पडतं सर, रात्रभराचा प्रवास आहे. मी त्याला हो म्हटलं, आणखी काय म्हणणार?

आई गेली त्याला आता काही वर्षं झाली. बाबा सहकारनगरच्या त्याच घरात, दुसऱ्या मजल्यावर राहतात, पाय साथ देत नाहीत, इमारतीला लिफ्ट नाही. शोभाताई त्यांच्याकडे बघतात. त्या वाशीमकडच्या, नवरा हिंजवडीला कंपनीच्या बसवर. त्यांचे पैसे माझ्या खात्यातून ठरलेल्या तारखेला आपोआप जातात. दिवाळीला जास्तीचे जातात, तेही आपोआप. ग्रुपवर लोक विचारतात, आईवडिलांकडे ठेवलेल्या माणसांना किती देता? मी आकडा सांगतो, आणि तो चांगला आहे असं सगळे म्हणतात. पण इतक्या वर्षांत पुण्याहून निघताना मी शोभाताईंना एवढंच म्हणत आलो, "येतो ताई, काही लागलं तर फोन करा." 'माझ्या वडिलांना सांभाळा' हे शब्द मला म्हणता आले नाहीत. ते म्हटले असते तर मी त्यांना सोडून चाललोय हेही म्हटल्यासारखं झालं असतं. पैसे आपोआप गेले की जाणाराही आपोआपच जातो, कुणी निर्णय घेतलाय असं वाटत नाही. तुमच्यातले जे निघून आलेत त्यांना हे समजेल. जे तिथेच राहिलेत त्यांना ते आधीपासूनच माहीत असणार.

गेल्या खेपेला निघताना ॲपवरून मागवलेली गाडी खाली आली. मी वाकून नमस्कार केला. बाबांचा हात माझ्या डोक्यावरून निघाला तो थेट शर्टाच्या खिशाकडे गेला. घडी घातलेली नोट त्यांनी शोभाताईंच्या हातात दिली आणि हनुवटीने जिन्याकडे खूण केली. ताईंनी काही विचारलं नाही. हे काम त्यांना पाठ झालेलं दिसत होतं. म्हणजे दर खेपेला माझ्या आधी कुणीतरी खाली जात होतं, आणि मी बॅगा मोजण्यात गुंतलेला असायचो.

मी ताईंना स्वयंपाकघरात बोलावलं. पाकिटात होती ती नोट काढली, घडी घातली. ताई म्हणाल्या, "राहू द्या दादा, टायमावर येतात न पैसे."

"हे ते नाही," मी म्हटलं. पुढचं सांगायला वेळ लागला. "माझे वडील आहेत, ताई. मी चाललोय. त्यांना सांभाळा."

त्यांनी नोट घेतली. एका हातात बाबांची, दुसऱ्या हातात माझी. "हे खाली गाडीवाल्याले, अन् हे माह्यापाशी," त्या म्हणाल्या. "माह्या मायकडं बी तिकडं शेजारीणच पायते, दादा. मीबी तिले असंच सांगून आली."

बाहेरून बाबांचा आवाज आला, "आत काय मीटिंग आहे का? गाडी थांबायला तुमच्या घरची नाही."

खाली ड्रायव्हर नोट घ्यायला तयार नव्हता. पैसे ऑनलाइन कापलेत म्हणाला. "ते भाड्याचे," शोभाताई म्हणाल्या. "हे आजोबांनी वरून देल्ले. घाटात हळू न्या दादाले." मी मागे बसलो आणि वर बघितलं. बाबा वॉकर धरून गॅलरीपर्यंत आले होते. माझ्याकडे नाही, ड्रायव्हरकडे बघत होते. मी या वेळी हात हलवला नाही. ते कामात होते.

मी न्यू जर्सीलाही घरी जातो म्हणतो आणि पुण्यालाही. न्यू जर्सीच्या घराची किल्ली माझ्या खिशात असते, पुण्याच्या घराची कुठे आहे ते मला ठाऊक नाही. पण माझ्या आधी जिना उतरून कुणी गाडीवाल्याशी बोलतं ते याच एका घरातून. बाबांनंतर ते कोण करील, याचा विचार मी त्या दिवशी गाडीत करत होतो. ऊन होतं, गाडी वेगात होती. लोणावळा मागे पडल्यावर ड्रायव्हरने वेग कमी केला. मागच्या गाड्या हॉर्न देऊन पुढे जायला लागल्या.

"उशीर होणार नाही ना?" मी विचारलं.

"थोडा होईल," तो आरशात बघून म्हणाला. "घाट आलाय साहेब. सावकाश घ्यायला सांगितलंय."