मुर्ध्याचं पेन घेऊन उत्तनला

हे लिहायला मी जाम टाळाटाळ केली, आधी ते सांगून टाकते. माझी सवय अशी की आधी कागदावर शाईच्या पेनानं लिहायचं आणि मग टाईप करायचं. रोज बसायचे. टोपण उघडलं की निबवर शाई सुकलेली दिसायची. ती कोमट पाण्यात धुवायची. मग एक धुतलंच आहे तर बाकीचीही धुऊन घेऊ. असं करत सगळी पेनं खिडकीत फडक्यावर वाळत पडायची आणि मी त्यांच्याकडे बघत चहा प्यायचे. आई म्हणाली, "लोक पापड वाळवतात, आमच्याकडं पेनं."

खरं कारण वेगळं होतं. ज्या कामासाठी गेले ते काम मी बिघडवून आले, असं वाटत होतं. अजूनही वाटतंय. तरी लिहिते, कारण मीरा रोडच्या शांती नगरहून उत्तनचा किनारा ही एका दिवसाची इतकी सोपी सफर आहे आणि इथली माणसं मात्र समुद्र बघायला अलिबागला जातात.

तर झालं असं. माझे बाबा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होते, तिथं जनार्दनकाका भांड्यांवर नावं घालायचे. लग्नातल्या हंड्यावर "चि. सौ. कां. हिला मामाकडून" असं लिहिलेलं असतं ना, ते. मशीन हातात धरूनही त्यांचं अक्षर असं की बायका भांडं घासताना नावावर जोर देत नसत. मी पाचवीत असताना त्यांनी मला कट निबचं पहिलं पेन दिलं. कट निब म्हणजे टोक गोल नसून पटाशीसारखं चपटं कापलेलं. एका बाजूला ओढलं की जाड रेघ, दुसरीकडे ओढलं की केसासारखी बारीक. शाळा मला कधी फारशी कळली नाही, कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, पण ती जाड-बारीक रेघ मात्र हातातून सुटली नाही. आता शांती नगरमधल्या एका पत्रिकेच्या दुकानासाठी पाकिटांवर नावं लिहिते आणि चार पैसे जमले की कुठंतरी निघते.

काकांना मागच्या पावसाळ्यात झटका आला. उजवा हात गेला. आता त्यांच्या नातीचं लग्न ठरलंय. त्यांच्या घरात देवांच्या पत्रिका, म्हणजे गावदेवीची, कुलदैवताची आणि मग मुलीच्या मामाची, घरातल्या मोठ्या माणसानं स्वतःच्या हातानं लिहायच्या असतात. त्या गेल्याशिवाय बाकीच्या वाटत नाहीत. मी म्हटलं, "मी लिहिते की." तर फोनवरच ओरडले, "तू घरातली हायस का? ये इकडं. पेन न्यायचंय."

शांती नगरमधून निघतानाच मी रस्ता चुकले. म्हणजे रस्ता पाठ आहे, पण कोपऱ्यावर एक स्टेशनरीचं दुकान लागतं आणि पाय तिकडे वळतात. शेठला विचारलं, "शेठ, रॉयल ब्लू की बोतल है?" तो म्हणाला, "बेटा, अब इंक कौन लेता है? जेल पेन ले जा, दस का पाकीट." तरी वरच्या फळीवरून धुळीनं माखलेली एक दौत काढून दिलीच, आणि "वापस मत लाना" असंही सांगितलं. मग भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरून उत्तनची बस. तिकीट एका वडापावपेक्षा स्वस्त. डावीकडची खिडकी पकडा आणि रविवारी मुळीच जाऊ नका. आणि शाईचं पेन नेत असाल तर निब वर करून ठेवा. या रस्त्याचे गतिरोधक पेनाला उलटी करायला लावतात.

काकांचं गाव मुर्धा लगेच येतं. एका बाजूला पूर्वीची मिठागरं, आता नुसतं गवत आणि त्यात उभे बगळे. दुसऱ्या बाजूला नव्या टॉवरची हिरवी जाळी. काकांचं घर आतल्या आळीत. अंगणात पत्रिकांचे गठ्ठे, आणि त्यांची सून, वैशालीवहिनी, कपाळाला हात लावून बसलेली.

"तूच सांग गो यांना," ती म्हणाली. "प्रिंटरवाला स्टिकर काढून देतोय. छान दिसतात. पण न्हाय."

"देवाला काय स्टिकर लावतेस?" काका आतून म्हणाले. "देव काय कुरिअर हाय?"

ते डाव्या हातानं लिहायचा सराव करत होते. वर्तमानपत्राच्या कडेला "श्री गावदेवी प्रसन्न" असं पुन्हा पुन्हा लिहिलेलं. अक्षरं थरथरत नव्हती, हे विशेष. पण जाडपणा भलत्याच जागी पडत होता. काना बारीक, वळण जाड, अक्षर अंगात न बसणारा सदरा घातल्यासारखं. मी मोबाईलवर त्यांचा लिहितानाचा व्हिडिओ घेतला, ब्लॉगसाठी. ते रागावले, पण हात थांबवला नाही.

"निब पुन्हा कापायला पायजे," ते म्हणाले. "उत्तनला इनास हाय, त्याच्याशिवाय कोणाला जमत न्हाय. पण माझं नाव काढू नकोस."

"का?"

काकांनी पेन माझ्या हातात दिलं आणि टीव्ही लावला. वहिनीनं मला फाटकापर्यंत सोडताना सांगितलं. दोघं एकाच शाळेत बोरूनं कित्ता गिरवत मोठे झालेले. काका भांड्यांवर लिहायचे, इनासकाका चर्चच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यांवर. काकांचं हे पेन इनासकाकांनीच कापलेलं. आता यात गंमत अशी आहे की इंग्रजी अक्षराला निब एका अंगानं कापतात आणि मराठीला बरोबर उलट्या अंगानं, कारण आपली जाड रेघ त्यांच्या बारीक रेघेच्या जागी येते. इनासकाका त्या आठवड्यात नुसते इंग्रजी दाखले लिहीत होते. हाताच्या सवयीनं काकांची निबही इंग्रजीसारखी कापून दिली. काकांनी ती इनासकाकांच्याच अंगणात, सणाच्या जेवणाला जमलेल्या पाहुण्यांसमोर चालवून बघितली आणि म्हणाले, "इनास, तू मराठी विसरलास. साहेब झालास."

सगळे हसले. इनासकाका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी निब नीट कापून दुसऱ्याच्या हातून पाठवली आणि त्यानंतर मुर्ध्यात पाऊल ठेवलं नाही. "माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट," वहिनी म्हणाली. "आता माझी पोर लग्नाची झाली."

पुढची बस पकडली आणि वाटेत डोंगरी गावाला उतरून गेले, कारण एक बाई ताडगोळे सोलत होती. हे प्रवासाच्या आराखड्यात नव्हतं. ताडगोळे खा, पण आधी कोवळा दाबून बघा. मी गप्पांत राहिले आणि तिनं दोन निबर घातले. तिथून उत्तनपर्यंत चालतच गेले. उतार लागला की आधी वास येतो, मग होड्यांचे झेंडे दिसतात, मग समुद्र. किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील जोडीजोडीनं लटकत होते, तोंडात तोंड अडकवून. मी उभी राहून बघत होते तर एक मावशी म्हणाली, "बगतेस काय? हात लाव." मग मी बराच वेळ बोंबील टांगत होते. गप्पांत इनासचं घर विचारलं तर ती म्हणाली, "माझाच नवरा तो. चल." तिचं नाव लुसीमावशी. सुकं हवं असेल तर फोन कर म्हणून तिनं माझा नंबर घेतला, तिचा दिला.

इनासकाका ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पांढरा बनियन, गळ्यात क्रूस, मांडीवर पाटी आणि त्यावर कागद. निळ्या शाईत स्वतःच्याच नातवंडांची नावं लिहीत होते, आधी इंग्रजीत, खाली मराठीत. उगाच. आपण गुणगुणतो तसं. मला असली माणसं दिसली की मी कशाला आले ते विसरते. आम्ही आधी शाईवर बोललो, कुठली कागदात फुटते, कुठली पावसाळ्यात सुकत नाही. त्यांनी माझं पेन चालवून बघितलं, मी त्यांचं. मावशीनं भाकरी आणि बोंबलाची चटणी आणून ठेवली. मग मी पिशवीतून काकांचं पेन काढलं.

मी नाव काढलं नाही. गरजच नव्हती. त्यांनी टोपण उघडलंसुद्धा नाही.

"म्हातारा जित्ता हाय?"

"आहे."

"मग सोता का न्हाय आला?"

मी सांगितलं. झटका, उजवा हात, डाव्या हाताचा सराव, नातीचं लग्न, देवांच्या पत्रिका. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मुर्धा ते उत्तन, बसनं अर्धा तास. मावशी आतून बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

"डावा," ते म्हणाले. "जनार्दन डाव्यानं लिवतो?"

मी मोबाईल पुढं केला. त्यांनी चष्मा लावला आणि व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. मग स्वतःचं पेन डाव्या हातात घेऊन कागदावर धरलं, मनगट फिरवून बघितलं, आणि एकदम खोखो हसायला लागले.

"लुसे, ऐक. डाव्या हातात निब उलटी बसते. म्हंजे याला आता मराठी लिवायला इंग्रजी काप पायजे! साहेबाचा काप!"

"मंग दे कापून," मावशी म्हणाली. "हसतोस काय?"

हसू थांबलं. धार लावायचा काळा दगड त्यांच्या बाजूलाच होता, तेलाचा हात लावलेला. त्यांनी तो ओढला नाही. काकांचं पेन बनियनच्या आतल्या खिशात ठेवलं.

"मी हात बघितल्याबिगर निब कापत न्हाय. कोणाचीच न्हाय. एकदाच कापली होती तशी, त्याची."

"मग तुम्ही मुर्ध्याला चला ना," मी म्हटलं. "बसनं नको तर रिक्षा करते."

"पोरी, मी त्याच्याकडं जायाचा न्हाय. हात आला की कापीन. पेन र्‍हाऊ दे."

"आणि नाही आला तर?"

"तर स्टिकर लाव म्हणावं."

मावशीनं त्यांच्याकडं असं बघितलं की मीच भाकरीत तोंड घातलं.

परतीच्या बसला उन्हं उतरली होती. मुर्ध्याला उतरून काकांना सांगितलं. पेन नाही म्हटल्यावर त्यांनी पुढं केलेला डावा हात तसाच राहिला.

"माझं पेन त्याला देऊन आलीस?"

"ते म्हणतात हात बघायला हवा."

"मी? उत्तनला? या पायांनी?" आणि मग हळू, "त्याच्या अंगणात?"

झटक्यानंतर ते आळीच्या तोंडापर्यंतही गेले नव्हते. लोकांनी चालताना बघितलेलं त्यांना आवडत नाही. वहिनी म्हणाली, स्टिकरवाल्याला ती आठवड्याच्या शेवटापर्यंत थांबवेल, त्यापुढं नाही. काका भिंतीकडे तोंड करून पडले. मी चहा न पिता निघाले.

आता घरी. आठवडा संपत आलाय, मी पेनं धुतेय, आणि विचार करतेय की या सफरीतून काय उरलं. पिशवीला बोंबलाचा वास उरलाय, तो जात नाही, आईनं पिशवी गॅलरीत टाकलीय. डाव्या हाताचं ते गणित डोक्यात उरलंय. मी आरशासमोर बसून डाव्या हातानं "श्री" काढून बघितला, आणि खरंच, इंग्रजीसारख्या कापलेल्या निबनं काना जाड येतो. पण सगळ्यात जास्त उरलाय तो दगड. तो हाताशी होता. दोन मिनिटांचं काम होतं. मला वाटत राहतं, मी जरा आणखी गोड बोलले असते, किंवा जरा कमी बोलले असते, तर पेन घेऊन परत आले असते आणि काकांचे देव खूश झाले असते. उलट असंही वाटतं की निब कापून मिळाली असती, तर त्या दोघांमधला रस्ता तसाच राहिला असता, आणि मी नुसती बस झाले असते, इकडून तिकडे. अक्षर सुंदर कसं काढायचं ते मला येतं. ते कोणासाठी काढायचं, त्याबद्दल मला काही कळत नाही, असं मला उत्तनच्या ओट्यावर पहिल्यांदा वाटलं.

तुम्ही गेलात तर सकाळी लवकर जा, ऊन चढलं की वाळूत उभं राहवत नाही. पाणी न्या. परतीची बस खचाखच असते, एक सोडा, दुसरी घ्या. आणि बोंबील लटकवायला हात लावा, फोटो काढायला नंतर

वाक्य अर्धं राहिलं, फोन आला. लुसीमावशीचा. मला वाटलं सुक्या बोंबलाचं विचारतेय. ती कुजबुजत होती.

"पोरी, दारात रिक्षा हाय. तुझा मुर्ध्याचा म्हातारा आलाय. सून धरून उतरवतेय त्याला, अन तो तिला ओरडतोय, सोड म्हणून."

"आणि इनासकाका?"

"तो? दगडाला तेल लावतोय."