मैनेचे पळायचे दिवस

निरोप आला तेव्हा मी गिरगावात, मेची सुट्टी संपून नुकत्याच उघडलेल्या शाळेत पाचवीचा तास घेत होते. शिपाई दारात आला. परळच्या जनावरांच्या दवाखान्यातून फोन होता... तिथं डॉक्टर असलेल्या माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, तबेल्यात चक्कर आली होती. टॅक्सीनं पोचले तोवर सगळं संपलं होतं. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार रडत म्हणाला, "बाई, घोड्याचा पाय हातात होता. डॉक्टरांनी आधी तो हळूच खाली ठेवला, मग भिंतीला टेकून बसले." नव्या महाराष्ट्र राज्याच्या रोषणाईच्या माळा रस्त्यात अजून लटकत होत्या. अण्णाला जाऊन आता महिना उलटून गेला.

फणसवाडीतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. वहिनी लग्नानंतर लवकरच गेली, मी विधवा होऊन परत आले. एकमेकांच्या दुःखाला आम्ही कधी हात लावला नाही. जेवताना अण्णा बोलायचा तो घोड्यांविषयी. घोड्याच्या पायाच्या नळीमागं हात फिरवला की दोरीसारखी कंडरा लागते. शर्यतीत सगळा ताण तिच्यावर. ती फाटली की घोडा कायमचा अधू. अण्णाचं म्हणणं, ही कंडरा घडते ती शिंगरू लहान असताना, रोज थोडं मोकळं पळण्यानं. मोठेपणी कितीही तालीम द्या, ती फक्त झिजते. मालक मात्र महागडी शिंगरं ठाणावर बांधून ठेवत. "काचेसारखी जपतात आणि मग लोखंडाचं काम मागतात," तो चिडून म्हणायचा.

एका शेटजींची घोडी अशीच कंडरा फाटून लंगडी झाली होती. ती व्याली आणि थोड्याच दिवसांत गेली. लंगडीची पोर काय पळणार, म्हणून शेटजींनी ती अण्णावर सोपवली. तिचं नाव मैना. बाटलीच्या दुधावर ती वाढली. मोतद्दार तिला दवाखान्याच्या आवाराच्या एका टोकाला सोडायचा, दुसऱ्या टोकावरून अण्णा हाक मारायचा, आणि ती उधळत यायची. दवाखान्यातले इतर डॉक्टर म्हणत, कोवळी हाडं आहेत, जन्माची पांगळी कराल. ती भीती अण्णालाही होती. घरी आल्यावर पुष्कळदा तो आपला तळहात बघत बसे... मैनेचा पाय गरम, म्हणजे आतून दुखावलेला, तर लागला नाही ना, हे आठवत.

मग संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे निघाले, गोळीबार झाले. ट्राम-बस बंद. अण्णानं वहाणा चढवल्या तशी मी दार अडवलं.

"अण्णा, माणसं मरतायत बाहेर. आज नाही पळाली तर काय बिघडेल?"

"माझं नाही गं काही बिघडत, सुमे. तिचे हे दिवस परत यायचे नाहीत."

तो गेला. दिवसभर मी गॅलरीत उभी. संध्याकाळी आला तो अश्रुधुरानं डोळे लाल, सदरा घामानं चिंब. लालबागला गिरणीतल्या पोरांनी अडवून विचारलं होतं, "डाक्टर, खंय चल्लात?" ह्यानं खरं ते सांगितलं, घोडीला पळवायला! पोरं हसली, पण त्यांनीच चाळीचाळींतून त्याला परळपर्यंत पोचवलं. मग सदरा काढत तो म्हणाला, "त्यातला एक फार लहान होता गं... मिसरूडही फुटलं नव्हतं." त्या दिवशी तो जेवला नाही.

मैना पुढं शेटजींच्या नावानं शर्यतीत धावली. मोठं बक्षीस तिनं कधी आणलं नाही. पण तिच्या बरोबरीची घोडी एकेक करून लंगडी होऊन बसली, तिचे पाय शाबूत राहिले. जे मोडत नाही त्याची बातमी होत नाही. एका घोडीवरून काही सिद्ध होत नाही, असं अण्णाचे सहकारी म्हणत. अण्णाही तेच म्हणे. आणखी शिंगरं द्या, म्हणून तो मालकांच्या दारी फिरला. कुणी दिली नाहीत. शेवटी शेटजींनी मैनेला मद्रासकडे विकलं. तिला गाडीत चढवून अण्णा घरी आला आणि दिवा न लावता बसून राहिला. मी विचारलं, "ओळखलं का तुला?" तो म्हणाला, "मी हाकच मारली नाही."

त्यानंतर रोज जेवण झालं की तो मला गॅलरीत शतपावलीला ओढून न्यायचा. "तुझ्या कंडरा आता घडायच्या नाहीत, निदान गंजू तरी देऊ नकोस." मला चक्कर येते म्हणून कठड्याच्या बाजूनं तो चाले, मी भिंतीकडून. अजूनही मी फेऱ्या घालते. कठड्याकडची बाजू आता मोकळी असते... पण माझे पाय भिंतीलगतच चालतात, आणि शेजारीण समोरून आली की नकळत मी तिला म्हणते, "जरा थांबा हं, आम्हाला जाऊ द्या."