गोऱ्हा झालेल्या गाईचं दूध

पाटोद्याच्या हायस्कुलात मी दहावीला विज्ञान शिकवायचे. मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, आईचा त्यात काडीचा दोष नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून मोठ्या तोऱ्यात सांगायचे. असंच एका वर्षी शिकवून झालं आणि मला दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिली मुलगी होती. सासूबाईंनी लगोलग माजलगावकडच्या एका वैद्यबुवांकडून मुलगा होण्याची पुडी आणली.

पुडीचे नखरे फार. दुसऱ्या महिन्यात, न्हाऊन, पूर्वेला तोंड करून घ्यायची, आणि तीही गोऱ्हा झालेल्या गाईच्या दुधातून. कालवड झालेली गाय बाद. देशात तेव्हा नवं आर्थिक धोरण आलं होतं आणि आमच्या गल्लीत जर्सी गाई. जर्सीला गोऱ्हा झाला की मालक सुतकी चेहरा करून बसायचा. तो ना दूध देणार, ना औताला चालणार. गोठ्यात मुलगी व्हावी आणि घरात मुलगा, इतके आम्ही सगळे पुढारलेले होतो. असाच एक दुःखी मालक गाठून सासूबाईंनी पेलाभर दूध आणलं.

त्यांनी जबरदस्ती केली, असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण नाही केली. मी नको म्हटलं असतं तर त्यांनी दोन दिवस अबोला धरला असता, बस. मलाही मुलगा हवा होता. विज्ञानाच्या बाईंनी पेला एका दमात रिकामा केला आणि तोंड कडू झालं म्हणून वर साखर मागितली.

मुलगी झाली. वैद्यबुवांनी गाईला दोष दिला.

ती पाच वर्षांची असताना सारखी तापाने फणफणू लागली, म्हणून सासूबाई, ती आणि मी अशा आम्ही तिघी औरंगाबादला गेलो. सोनोग्राफीत एक किडनी जन्मापासूनच लहान निघाली. डॉक्टरांनी मला विचारलं, "पोटात असताना, पहिल्या तीन महिन्यांत काही औषध घेतलं होतं का? नीट आठवून सांगा, त्यावर पुढच्या तपासण्या ठरतील."

"नाही," मी म्हणाले. आठवायला क्षणभरही घेतला नाही.

सासूबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "घेतलं व्हतं की," त्या म्हणाल्या. "पोरगा व्हायची पुडी. म्या दिल्ती. कावून लपवायचं? लेकराचा जीव हाय."

डॉक्टर रागावले नाहीत. असल्या पुड्यांत कधी कधी हार्मोनच्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात, म्हणाले. त्या महिन्यांत बाळाचा मेंदू, किडनी सगळं घडत असतं आणि त्या घडण्यावर हार्मोनचा हुकूम चालतो. बाहेरून भलतंच हार्मोन गेलं तर घडी बिघडू शकते. यानेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण आता रक्तदाब आणि बाकी वाढ जपून बघू. मी हे सगळं पहिल्यांदाच कानावर पडत असल्यासारखी मान डोलवत होते. लाज वाटत होती, आणि मुलीपेक्षा स्वतःची जास्त काळजी वाटते आहे याची त्याहून अधिक वाटत होती.

कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?"

"घरीच असते," मी म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. या वेळी मात्र त्या काही बोलल्या नाहीत.