धावदोऱ्याचा बेडूक

माझी वहिनी जीवशास्त्र शिकवते आणि बेडूक कापायची वेळ आली की तोंड फिरवते. मुलं पाठीमागे तिला बेडूकबाई म्हणतात. मी तोंडावर म्हणायचे, "वहिनी, पोहायला शिकवणाऱ्यानं पाण्याला भ्यावं तशी गत आहे तुझी." नणंदेला एवढा हक्क असतोच, आणि नसला तरी मी घेतला असता.

पण तिचं तोंड फिरवणं उगाच नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एकदा क्लोरोफॉर्म कमी पडला. ट्रेमध्ये चारी पायांना टाचण्या टोचून उताणा ठेवलेला बेडूक पोट उघडं असताना शुद्धीवर आला आणि पाय ओढायला लागला. कात्री हातात असलेली मुलगी किंचाळत बाहेर पळाली, मागच्या बाकावरची मुलं हसली. पुढचं वहिनीनं एकटीनं उरकलं. घरी येऊन ती नळाखाली हात धरून उभी राहिली ती राहिलीच. दादा म्हणाला, "अगं, साबण संपेल." माझा भाऊ आहे, पण अशा वेळी काय बोलावं हे त्याला जन्मात कळलं नाही.

मी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवते. पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. बरीच वर्षं मनात घोळवून एके दिवशी वहिनी माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. "वन्सं, मला एक बेडूक शिवून द्या."

"झालं! एवढंच राहिलं होतं," मी म्हटलं. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं चिंध्यांचं गाठोडं सोडलं.

काय शिवून घेतलं म्हणून सांगू! जुन्या छत्रीच्या कापडाची कातडी, तिच्याखाली अस्तराचे स्नायू, तपकिरी मखमलीचं यकृत, लोकरीच्या पिळाचं आतडं. स्नायूंच्या आतल्या बाजूनं, बरोब्बर मधोमध, निळा रेशमी धागा. ती म्हणे पोटावरची मोठी शीर. मी म्हटलं, "पोटाला चेन लावते, चटकन उघडेल."

"चेन नको. चेन उघडणं म्हणजे शिकणं नव्हे. कात्रीच चालवली पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील, कापडावर हात बसत नाही."

म्हणून पोटावर निळ्या धाग्याच्या अगदी कडेनं कच्चा धावदोरा. मुलांनी तो कात्रीनं उसवायचा. निळा धागा तुटला की मार्क गेले. संध्याकाळी बेडूक पिशवीतून घरी यायचा आणि मी पुन्हा त्याचं पोट टाचायचे. माझे डोळे गेले, मान गेली, मी तिला लाखोली वाहिली. पण टाका सैल नाही टाकला. हातचं काम वाईट करायची सवय नाही मला.

प्राचार्यांनी तिला शब्द दिला होता. यंदाची परीक्षा खऱ्या बेडकावरच होईल, पण कापडावर शिकून निकाल घसरला नाही, तर पुढच्या वर्षीपासून बेडूक आणणं बंद. वहिनीनं ते कबूल केलं. "हे शेवटचे, वन्सं," ती म्हणायची आणि कपडे वाळत घालताना गुणगुणायची. लग्न होऊन आल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक टेबलाटेबलावरून फिरले. कुणाची शीर तुटली नव्हती, कुणाच्या ट्रेमध्ये रक्त नव्हतं. इतके साफ हात मी पाहिले नाहीत, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. वहिनी पेढा खाल्ल्यासारखी घरी येईल म्हणून मी दाराशी उभी, तर ही चप्पल न काढताच खाटेवर बसली. तिला तेव्हाच काहीतरी कळलं असावं.

नंतरच्या बैठकीत प्राचार्यांनी उभं राहून तिचं कौतुक केलं. "आजवर आपण चौघांत एक बेडूक देत होतो, कारण मुलं वाया घालवायची. आता वाया जाणार नाहीत. पुढच्या वर्षी प्रत्येकाला एक."

टाळ्या वाजल्या. वहिनी उठली. "सर, तुम्ही शब्द दिला होता."

"बाई, तेव्हा प्रश्न निकालाचा होता. आता कॉलेजच्या नावाचा आहे. आणि तुमचा कापडी बेडूक आम्ही टाकून थोडाच देतोय? सरावासाठी असे आणखी शिवून घ्या."

करायला गेले काय आणि वरती झाले पाय! हे तिनं मला सांगितलं तेव्हा माझा असा संताप झाला की हातातली कात्री मी भिंतीवर भिरकावली. "कोण शिवतंय बघतेच! गाठोडं जाळून टाकीन, पण एक टाका घालणार नाही."

वहिनीनं कात्री उचलून मशीनवर ठेवली. "शिवा, वन्सं."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तुझ्याच बेडकांच्या जिवावर उठले ना ते?"

"बेडूक येणारच आहेत. आपण शिवलं नाही तरी येणार. पण सराव नसला की मुलांचे हात चाचरतात, कात्री अर्ध्यात थांबते. क्लोरोफॉर्म उतरायच्या आत उरकलं पाहिजे."

मला रडू आलं. तिला नाही आलं.

त्या वर्षी प्रयोगशाळेत बेडकांसाठी मोठी टाकी आली. वहिनी हल्ली तोंड फिरवत नाही. क्लोरोफॉर्मची बाटली दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही, आपणच घालते आणि मापापेक्षा जास्तच घालते. मी छत्र्यांची जुनी कापडं गोळा करते आणि बेडूक शिवते. टाका अजूनही सैल पडत नाही.