आतोबांची तेलं

आमच्या आतोबांइतक्या निर्मळ मनाने लोकांना चटके देणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात आमच्या घरामागच्या गल्लीत राहायचे आणि एका सरकारी कचेरीत कारकुनी करायचे. पण कारकुनी हा त्यांचा नुसता पोटाचा उद्योग होता. जीव होता तो तेलांत. शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलात नव्हे. निलगिरी, लवंग, दालचिनी, पुदिना, देवदार, गवती चहा, जिच्या पानातून, सालीतून किंवा मुळातून थेंबभर उग्र तेल निघतं अशी कोणतीही वनस्पती त्यांना पोटच्या पोरीसारखी वाटे. बैठकीतल्या भिंतीतल्या कपाटात या तेलांच्या कुप्यांची गर्दी होती. शिंक आली, पाय मुरगळला, झोप येईना, मुलगा नापास झाला, काहीही झालं तरी आतोबांचा हात त्या कपाटाकडे जाई. कुणी बिचकलं तर ते डोळे मिटून म्हणत, "झाडाचा जीव आहे हा. झाडानं कधी कुणाचं वाईट केलं का?" यावर आत्या स्वयंपाकघरातून विचारी, "अन् धोतरा काय दगडाला येते का?" पण आतोबांना त्या बाजूच्या कानाने नेमकं तेव्हाच कमी ऐकू यायचं.

धूलकोटच्या बाजूला रानात रोशा गवत होतं आणि तिथले लोक ओढ्याकाठी भट्टी लावून त्याचं तेल काढत. वास थेट गुलाबासारखा. सांधेदुखीवर ते चांगलं, असं कुणीतरी सांगितल्यावर आतोबा एका सुट्टीच्या दिवशी तिकडे गेले आणि डबाभर तेल घेऊन मोटारीत बसले. डब्याचं झाकण सैल होतं. घाटातल्या पहिल्या वळणाला थोडं तेल सांडलं, दुसऱ्या वळणाला आणखी. भर उन्हात बंद मोटारीत तो गुलाब असा काही फुलला, की माणसं खिडकीतून माना बाहेर काढून बसली, एका बाईला उलट्या झाल्या आणि शेवटी ड्रायव्हरने गाडी थांबवून हात जोडले. "बाबूजी, या तो आप उतरो, या अपना बगीचा उतारो." आतोबा उतरले. डबा खांद्यावर घेऊन उरलेली वाट चालत आले आणि दारातच म्हणाले, "लोकांना सुगंध पचत नाही, काय करावं!" स्वतःचं डोकं मात्र त्यांनी दोन्ही हातांनी गच्च दाबून धरलं होतं.

ते दिवसच उलथापालथीचे होते. राज्यांची नवी मांडणी चालली होती. बुऱ्हाणपूर मराठी मुलखात जाणार म्हणून सकाळी कुणी पैज मारी, तर संध्याकाळी दुसरा भोपाळची बातमी घेऊन येई. आमचा कारभार इतकी वर्षं नागपूरकडे बघून चालायचा. तो आता मान वळवून भोपाळकडे बघू लागला होता. कचेरीत रोज नवा हुकूम यायचा आणि आदल्या दिवशीचा रद्द व्हायचा. नेमकं त्याच सुमारास आतोबांच्या मनात आलं, की देवासमोरच्या निरांजनात तुपाऐवजी कापराचं तेल घातलं तर घरभर सुवास पसरेल आणि डासही जातील. तेल पेटत्या निरांजनात पडायच्या आधीच भडका उडाला. देवाच्या कृपेने घर वाचलं. आतोबांची डावी भुवई गेली. उरलेली एकटी उजवी भुवई त्यांच्या चेहऱ्यावर अशी दिसे, की माणूस सतत कशाचा तरी अचंबा करतोय. साहेबांनी नवा हुकूम वाचून दाखवला की समोर आतोबांचा तो चेहरा! साहेब गडबडून हुकूम पुन्हा वाचत आणि विचारत, "यात काही चुकलं का?" भुवई उगवेपर्यंत कचेरीतले निम्मे घोटाळे त्यामुळे जागच्या जागी निस्तरले गेले, असं आतोबा पुढे मोठ्या अभिमानाने सांगत.

त्यांच्या हेडक्लार्कची गोष्ट तर गावभर झाली. या गृहस्थांची सगळी उमर इंग्रजी कागद आणि मराठी बोलणं यांत गेलेली. नव्या राजधानीहून तपासणीला अधिकारी येणार, तो हिंदीतून प्रश्न विचारणार, या धास्तीने त्यांची दाढ ठणकायला लागली. आतोबांनी खिशातून लवंगेच्या तेलाची कुपी काढली. लवंगेच्या तेलाने दाढ बधिर होते हे खरंच. पण ते लावायचं किती, कशात मिसळून, याची काही रीत असते. आतोबांनी कापसाचा बोळा निथळेपर्यंत भिजवला आणि हेडक्लार्कच्या गालात ठासला. अधिकारी आला तेव्हा दाढ, जीभ, ओठ आणि अर्धा गाल, सगळंच हेडक्लार्कच्या ताब्याबाहेर गेलं होतं. प्रत्येक प्रश्नाला ते डोळ्यांत पाणी आणून गंभीरपणे "हूं" म्हणत आणि हवा तो कागद पुढे सरकवत. अधिकारी जाताना म्हणाला, "कम बोलते हैं, काम जानते हैं." हेडक्लार्कच्या हिरडीची साल निघाली आणि पुढे बरेच दिवस ते दूधभातावर राहिले. आतोबांनी सालीची गोष्ट मनावर घेतली नाही, शाबासकीची घेतली.

स्वतःलाही त्यांनी सोडलं नव्हतं. एकदा थंडीत अंग मोडून आलं म्हणून त्यांनी आंघोळीच्या पाण्यात दालचिनीचं तेल ओतलं. तेल काही पाण्यात विरघळत नाही. ते वर तरंगत राहिलं आणि पहिल्याच तांब्यासरशी पाठीला जाऊन चिकटलं. क्षणभराने न्हाणीघरातून अशी आरोळी आली, की समोरच्या घरातला बांधकामाचा गवंडी शिडीवरून उतरला. आतोबा पंचा सावरत अंगणात नाचत होते आणि अंगावर थंड पाणी ओतत होते. पाणी ओतावं तशी आग पसरत होती. आत्याने त्यांना खाली बसवलं, गोडं तेल पाठीवर थापलं, फडक्याने पुसलं, पुन्हा थापलं, पुन्हा पुसलं. मग साबण. तेलाला तेलानेच उतरवावं लागतं, हे तिला कसं सुचलं ते तिचं तिला ठाऊक. "तव्याला चिकटलेलं मी रोज काढते," एवढंच ती म्हणाली. मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. आतोबांची टोमॅटोसारखी पाठ बघून मला हसू आवरेना. पाठ पुसून घेता घेता ते मला म्हणत होते, "हस तू. पण थंडी गेली की नाही?"

असं सगळं हसत हसत चाललं असतं. पण माझी आतेबहीण कुसुम बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. नाजूक, वेताच्या कामट्यांसारखी बोटं. आतोबा तिच्या पाळण्याशी बसून राहत आणि कचेरीला उशिरा जात. महिना दीड महिन्याची असेल, तिला सर्दी झाली. दुपारी कुसुमचा डोळा लागला होता, आत्या धान्य निवडत होती आणि मी शाळेतून तशीच तिकडे गेले होते. पोरगी नाक चोंदून कुरकुरत होती. आतोबांना ते बघवेना. त्यांनी स्वच्छ रुमालावर निलगिरीचं तेल घेतलं आणि तो तिच्या नाकाशी धरला.

पोरगी एकदम थांबली. रडणं थांबलं, कुरकुर थांबली. आतोबा माझ्याकडे बघून हसले, "बघ, कसं मोकळं झालं." मी वाकून पाहिलं तर तिचे ओठ निळसर पडले होते आणि छाती हलत नव्हती. मी ओरडले. आत्या परात टाकून धावली, रुमाल भिरकावून दिला, पोरीला उचललं आणि उघड्या अंगणात नेलं. तिची पाठ चोळली, तळवे चोळले, ओल्या फडक्याने नाक-तोंड पुसलं. कुसुम उठून नुसती "आई, आई" करत होती. मग एक खोल आचका आला आणि पोरगी रडली. त्या रडण्याइतका गोड आवाज मी नंतर कधी ऐकला नाही.

डॉक्टर आले. तिला तपासलं, बराच वेळ जवळ बसून राहिले. जाताना आतोबांना म्हणाले, "बाबूजी, आपल्या नाकाची गोष्ट अलग, हिची अलग. एवढ्याशा लेकराला असलं उग्र तेल नाकाशी धरलं तर त्याचा श्वासच बंद पडू शकतो. पोटात गेलं तर त्याहून वाईट. आज नशीब बराबर होतं."

उन्हं कलल्यावर आतोबांनी सगळ्या कुप्या एका पिशवीत भरल्या आणि चपला घातल्या. आत्या दारात उभी होती.

"कुठं निघाले?"

"राजघाटावर. तापीत टाकून येतो."

"मासोळ्यांनी काय बिघडवलं तुमचं?" आत्या म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "ठेवा ती पिशवी खाली. तेलाचा काय दोष? एवढे कागद वाचून राहिले जन्मभर, आता या तेलांचं वाचा. विचारा कुणाला. शिकून घ्या. अन् तोवर कुलूप."

आतोबा उंबऱ्यावरच बसले आणि पिशवी मांडीवर घेऊन रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहत होते.

त्यानंतर आतोबांचा जो अवतार झाला, तो पहिल्याहून भारी. पूर्वी लोक त्यांच्या तेलांना भ्यायचे, आता त्यांच्या काळजीला भिऊ लागले. कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली आतोबांच्या करगोट्याला. उजेड लागू नये म्हणून कुप्या काळ्या कागदात गुंडाळल्या गेल्या आणि प्रत्येकीवर "पिऊ नये" आणि "पीना मना है" अशा दोन चिठ्ठ्या लागल्या. कारण आपण शेवटी कोणत्या राज्यात पडणार हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं आणि विषबाधा तेवढ्यासाठी थांबणार नव्हती. तेल नुसतं कधी लावायचं नाही, चमचाभर खोबरेलात थेंब-दोन थेंब. चुलीजवळ न्यायचं नाही. डोळ्यांपासून लांब. गरोदर बाई आणि तान्हं मूल असेल त्या घरात आधी डॉक्टरला विचारायचं. ओळखीच्या कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी विचारत, "निलगिरी कुठं ठेवता?" कोनाड्यात म्हटलं की स्वतः उठून ती फळीवर ठेवून येत. उंच फळीवरची कुपी मग त्या घरातल्या बायांना सापडत नसे.

याचा सगळ्यात मोठा तडाखा मला बसला. मला बघायला जळगावची मंडळी आली होती. पोहे झाले, प्रश्न झाले, सगळं कसं सुरळीत चाललं होतं. माझ्या वडिलांनी अत्तरदाणी पुढे केली आणि मुलाच्या वडिलांनी मनगट. तेवढ्यात आतोबांनी ते मनगट हवेतच धरलं.

"जरा ठहरा. पूर्वी कधी यानं त्रास झाला होता का?"

"अत्तरानं? नाही बुवा."

"आठवून सांगा. नाहीतर असं करू. एक थेंब खोबरेलात कालवून कोपराच्या आतल्या बाजूला लावू. उद्यापर्यंत लाल नाही झालं तर खुशाल लावा."

"उद्या? आमची गाडी संध्याकाळची आहे."

"मग उद्याच्या गाडीनं जा," आतोबा म्हणाले.

माझ्या वडिलांनी डोळे मिटले. मी पाण्याचं तबक हातात धरून भिंतीसारखी उभी. मुलगा खाली मान घालून खोकत होता. ते हसणं होतं हे मला नंतर कळलं. त्याचे वडील जिद्दीचे निघाले. त्यांनी बाही वर केली आणि म्हणाले, "लावा. बघतोच मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा दारात. बाही वरच होती आणि कोपराच्या आत लाल चट्टा उठला होता. गृहस्थ पाटावर बसले आणि म्हणाले, "प्रत्येक लग्नात माझं अंग खाजतं. इतकी वर्षं मी जेवणाला दोष देत होतो. आमच्या हिला म्हणायचो, तुझ्या माहेरची आमटीच बाधते." मग त्यांनी आतोबांचा हात हातात घेतला. "ज्या घरात पाहुण्याच्या कातडीची एवढी फिकीर करतात, तिथली मुलगी आम्हाला पसंत आहे." लग्नात आतोबांच्या हुकुमाने अत्तर फिरलं नाही, नुसती मोगऱ्याची फुलं वाटली. सासरे पोटभर आमटी जेवले.

मी जळगावला आले आणि काही काळाने राज्यांच्या हद्दी कायमच्या ठरल्या. माझं सासर एका राज्यात, माहेर दुसऱ्या. गाडी तीच, तापी तीच, पण बुऱ्हाणपूरला जाणं हळूहळू कमी होत गेलं. अशीच एकदा फार दिवसांनी, न कळवता गेले. आत्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत ओसरीवर दोघं शेजारी बसली होती. आतोबा खूप वाळले होते. मोठ्या दुखण्यातून उठल्यापासून त्यांना वास येईनासा झाला होता, कुठलाच, हे मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी समोर दिसलं त्यावरून कळलं. आत्याच्या हातात वाळ्याच्या तेलाची उघडी कुपी होती. कुपी नाकापासून जरा लांब धरून ती डोळे मिटून बसली होती.

"कसा आहे?" आतोबांनी विचारलं.

"माठासारखा. नव्या माठात पहिल्यांदा पाणी भरलं न, तसा."

"अन् मागून?"

"मागून गोडसर येऊन राहिला. गुळाचा नाही. गवताचा."

"अजून काही?"

"जरा थांबा न. घाई काय आहे?"

आतोबा थांबले. भिंतीला डोकं टेकवून त्यांनीही डोळे मिटले. मी पायरीवरच चपला काढल्या आणि तिथेच बसून राहिले.