सपाट पायाची

"पूस तो ठसा. पदराने पूस."

भोरात एका वकिलाच्या घरी मी धुणीभांडी करायची. त्या दिशी वकिलीणबाईंच्या लेकीला बघाया पाव्हणं आलं व्हतं. न्हाणीतनं वल्या पायांनी मी ओसरीवर आले. फरशीवर माझा अक्खा तळवा उमटला. मधी खड्डाच न्हाई.

"सपाट पायाची आहे," बाई पाव्हणीला म्हणाल्या. "अशी बाई घरात फिरली की घर बुडतं."

म्या पदरानं पुसलं. पाव्हण्या हसल्या. मी बी हसले. त्या हसण्याची लाज अजून जात न्हाई.

सोयरीक मोडली. बाईंनी आळीभर सांगितलं, हिच्या पायानं मोडली. मग बाईंच्या हुकमानं मी मागच्या दारानं, ठसा उमटू नये म्हनून पायाला चिंध्या बांधून आत जायची. दोन वरसं.

घोटं आतल्या अंगाला कलंडायचं, ठणकायचं. उभं ऱ्हाता येईना, तवा मार्गासनीहून आई आली. तिनं मला पुण्याला मिशनच्या दवाखान्यात नेलं.

"चवड्यांवर उभी राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता खाली बघ."

तळव्याखाली खड्डा पडला व्हता. टाच टेकली, गेला. आईनं बाईंच्या अपशकुनाचं सांगितलं.

"पाय लवचिक आहेत. शस्त्रक्रियेनं नीट करता येतील. ही हाडांची ठेवण आहे, अपशकुन नाही."

मी रडाय लागले. रागानं. हाडांची ठेवण! आन म्या चिंध्या बांधल्या.

आदी एक पाय, मग दुसरा. टाचेमागची शीर लांबवली, हाडं सांधली, गुडघ्यापत्तूर पलिस्तर. भूल उतरली की जाळ उठायचा. मी उशी चावायची. डोळ्यांपुढं बाईंचं तोंड.

वरीसभरानं भोरला आले. बाईंचा सांगावा आला, "पाय बरे झाले ना? ये कामाला."

पुढच्या दारानं गेले. म्हनलं, "सपाट व्हतं तवा बी माझंच पाय व्हतं. तुमचं काम करनार न्हाई."

मग आळीतल्या समद्या कामवाल्यांना गोळा केलं. टाक्यांचं वण दाखवलं. चिंध्यांचं सांगितलं. एक बी त्या घरात गेली न्हाई. भांड्यांची राख बाईंच्या हाताला लागली.

पुढं एक दिस बाई सोता माझ्या दारात आल्या. "झालं गेलं विसर आता."

"म्या इसरनार न्हाई. तुमाला बी इसरू देनार न्हाई."

अजून भोरात कुनी नवी बाई काम हुडकत आली, की तिला पैली मी गाठते. ते घर दाखवते. जित्ती हाय तवर दाखवनार.