‘ओमा’चा अर्थ

धाकटी जाऊ रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबच्या काउंटरवर बसायची. रिपोर्टची पाकिटं देता देता डॉक्टरी शब्द तिच्या तोंडी बसले होते, आणि ते कसे फोडायचे हेही तिला उमगलं होतं. ‘आयटिस’ म्हणजे सूज, जसा टॉन्सिलायटिस. ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणं. ‘हायपर’ म्हणजे जास्त, ‘हायपो’ म्हणजे कमी. शेजारपाजारचं कुणी दवाखान्यातून आलं की घरी जाण्याआधी तिच्याकडे डोकावायचं. सासरे कौतुकाने ‘आमची अर्धी डॉक्टर’ म्हणायचे. त्यातलं ‘अर्धी’ तिला कधी ऐकूच आलं नाही.

मोठ्या जाऊबाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्यांच्या खांद्यामागे गाठ आली. डॉक्टरांनी दाबून पाहिली, चिठ्ठीवर ‘लायपोमा’ लिहिलं आणि सर्जन बाहेरगावाहून आले की दाखवा म्हणाले. दवाखान्यात गर्दी होती, त्यामुळे जाऊबाईंनी पुढे काही विचारलं नाही. घरी येऊन त्यांनी चिठ्ठी धाकटीपुढे धरली.

धाकटी भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली न ठेवताच ती म्हणाली, “शेवटी ओमा आहे ना ताई? कार्सिनोमा, लिम्फोमा, सगळे त्यातलेच. कॅन्सर असतो तो.” मग आवाज हळू करून, हल्ली औषधं चांगली निघालीत, असंही तिने सांगितलं.

जाऊबाई रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्यांनी राजीनामा दिला. मुलांसमोर खंगत जायचं नाही, एवढंच कारण त्यांनी घरात सांगितलं. सासऱ्यांनी जेवण सोडलं. जाऊबाईंचे यजमान कुणाशी धड बोलेनात. धाकटी मात्र सगळ्यांना धीर देत फिरत होती, आणि खरं सांगायचं तर आपण आधी ओळखलं याचं तिला मनातून थोडं बरंही वाटत होतं.

सर्जन आल्यावर दोघी मिळून गेल्या. त्यांनी गाठ तपासली आणि हसले. “लायपो म्हणजे चरबी, ओमा म्हणजे गाठ. चरबीची साधी गाठ आहे. कार्सिनोमात कॅन्सर असतो तो ‘कार्सिनो’मुळे. मार लागून रक्त साकळलं तर त्यालाही हिमॅटोमा म्हणतात. नुसत्या शेपटावरून काही ठरत नाही. कॅन्सर म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?”

“असंच, कुणीतरी,” जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी धाकटीकडे पाहिलंसुद्धा नाही. धाकटीचे कान तापले. रिक्षात बसल्यावरही तिला मान वर करता येईना.

दुसऱ्याच दिवशी ती कुणाला न सांगता शाळेत गेली. चूक माझी आहे, राजीनामा परत द्या, म्हणून मुख्याध्यापिकांपुढे हात जोडून उभी राहिली. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, पण नव्या बाई रुजू झाल्या होत्या.

घरी येऊन तिने जाऊबाईंची माफी मागितली. त्या ब्रश धूत होत्या.

“तुला माहीत नव्हतं, त्याचा राग नाही,” त्या म्हणाल्या. “पण ‘मला नक्की माहीत नाही’ एवढं एकदा तरी म्हणायचंस.”

जाऊबाई आता पुढच्या खोलीत मुलांच्या शिकवण्या घेतात. कामावरून आल्यावर धाकटी तिथल्या सतरंज्या झटकते, सांडलेले रंग पुसते. तिला हे कुणी सांगितलेलं नाही आणि कुणी नकोही म्हणत नाही. रिपोर्ट घेऊन कुणी आलं तर ती डॉक्टरांना विचारा म्हणते. लोक म्हणतात, फार शिष्ट झाली हल्ली. ती ऐकून घेते. खरं कारण सांगायचं तर तो सगळा प्रसंग पुन्हा तोंडाने बोलावा लागेल, आणि तेवढं धैर्य तिला अजून झालेलं नाही.